सुरमा, हळद आणि शिसं

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. तिच्यात असतं ग्रॅफाइट, म्हणजे कोळशाच्या आणि हिऱ्याच्या कुळातला कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा काळा, मऊ दगड सापडला तेव्हा लोकांना तो शिशाचाच एखादा प्रकार वाटला आणि ते चुकीचं नाव पेन्सिलीला कायमचं चिकटलं. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं पोर पेन्सिल चावत बसतं आणि शेजारचं ओरडतं, "टीचर, ये सीसा खा रहा है, मर जाएगा!" मग मी ग्रॅफाइटची गोष्ट सांगते. मुलांना ती आवडते, कारण मोठ्यांनी ठेवलेलं एक नाव खोटं निघतं. (पेन्सिलीच्या बाहेरच्या रंगाबद्दल मी खात्री देत नाही, म्हणून चावू नका हे सांगतेच.)

उर्दूत सीसा, मराठीत शिसं. हा शब्द दोन्ही भाषांत जडपणासाठी येतो, बंदुकीच्या गोळीसाठी येतो, कानात ओतायच्या तप्त रसासाठी येतो. घरातल्या वस्तूसाठी तो कधीच येत नाही. पेन्सिलीत नसलेल्या शिशाला मुलं घाबरतात. पण जिथे ते खरोखर असतं किंवा असू शकतं, म्हणजे सुरमेदानीत, हळदीच्या डब्यात, कल्हईच्या भांड्यात, बॅटरीवाल्याच्या शर्टवर, तिथे कुणाच्या तोंडून ओरडा निघत नाही.

मी डॉक्टर नाही. बी.एड. झालेली, उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई आहे. पण हा विषय मला डॉक्टरांइतकाच शिक्षकांचाही वाटतो, कारण शिसं सगळ्यात आधी मुलांच्या डोक्यावर घाला घालतं. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. हाडं आणि मेंदूच्या पेशी कॅल्शियम समजून शिशाला आत घेतात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतं, लहान मुलाच्या बाबतीत हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जातं. मूल उपाशी असेल, त्याच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात दूध कमी तिथे हे विष जास्त. रक्तातून ते काही आठवड्यांत उतरतं, पण हाडांत वर्षानुवर्षं बसून राहतं. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजायला लागली की हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि त्याच्यासोबत लहानपणी साठलेलं शिसंही सुटतं. आईच्या बालपणाचं विष असं बाळाच्या वाट्याला येतं.

आणि दिसत काहीच नाही. प्रमाण फार वाढलं तर पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होतो, रक्त कमी होतं, झटके येतात. पण थोडं थोडं रोज गेलं तर मूल फक्त थोडं मागे पडतं. लक्ष लागत नाही, पाढे राहत नाहीत, चटकन चिडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही. अमेरिकेने २०२१ साली मुलांसाठी इशाऱ्याची रेघ ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ग्रॅमचे साडेतीन दहा लाखांश. मिठाचा एक कणसुद्धा याहून जड भरेल.

२०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी एक अहवाल काढला. त्यांच्या अंदाजाने जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं आहे. अशी मुलं सुमारे ८० कोटी, आणि त्यातली २७ कोटी ५० लाख एकट्या भारतातली. त्याआधी, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या हजारभर मुलांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. तेव्हा पेट्रोलमध्येच शिसं होतं. २००० साली ते देशभर बंद झालं, आणि शिशाचा विषय संपला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण मोटारी काय, आमच्या जवळा बाजारात तेव्हा होत्याच किती?

वर्गात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या रक्तात शिसं आहे असं माझं म्हणणं नाही. भूक आहे, चष्म्याचा नंबर आहे, ऊसतोडीला गेलेले आईबाप आहेत, घरात एक भाषा आणि पुस्तकात दुसरी आहे. पण 'ढ' हा शिक्का मारण्याआधी आपण जी कारणं मोजतो, त्यांत हे कारण कुणी मोजतच नाही.

आता सुरम्याबद्दल. हे लिहिताना हात थोडा जड होतो, कारण सुरमा आपल्याकडे फक्त शृंगार नाही. ईदच्या सकाळी अत्तराआधी सुरमा. नवरदेवाच्या डोळ्यांत भाभी सुरमा घालते आणि त्याचा नेग मागते. छठीला बाळाच्या डोळ्यांत सुरमा. हजहून येणाऱ्याच्या बॅगेत जमजम, खजूर आणि सुरम्याचा खडा. आणि याच्या मागे सुन्नतचा आधार. इमाम तिर्मिजींच्या शमाइलमध्ये पैगंबरसाहेबांच्या सुरमा लावण्यावर स्वतंत्र बाब आहे. इस्मिदने नजर साफ होते आणि पापण्यांचे केस वाढतात, असा त्यातल्या रिवायतींचा आशय.

इथे भाषेच्या शिक्षिकेला थांबावंच लागतं. रिवायतीत शब्द आहे इस्मिद. बाजारातल्या डबीवर शब्द आहे सुरमा. दोन्ही एकच आहेत हे कुणी ठरवलं? इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड, असा अर्थ बहुतेक कोशकार देतात. पण अँटिमनीचा दगड आणि शिशाचा दगड, ज्याला गॅलेना म्हणतात, हे दोन्ही काळे, जड आणि फोडल्यावर चमकणारे. कुटून वस्त्रगाळ केले तर साध्या डोळ्यांना फरक कळायचा नाही. गॅलेना जास्त मिळतो, स्वस्त पडतो. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत सुरमा तपासला गेला तेव्हा पुन्हा पुन्हा गॅलेनाच सापडला. शुद्ध गॅलेनाच्या १०० ग्रॅममध्ये ८६ ग्रॅमच्या वर शिसं असतं. म्हणजे अशा डबीत शिशाची भेसळ नाही, डबीच शिशाची आहे.

जाता जाता एक गंमत. अरबीत सुरम्याला कुहल म्हणतात. त्याच्या बारीक भुकटीवरून अल-कुहल हा शब्द युरोपात गेला, तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी तो आधी कुठल्याही बारीक अर्काला लावला आणि शेवटी तो दारूच्या अर्काला चिकटला. अल्कोहोल हा शब्द आपल्या सुरमेदानीतून निघाला आहे. नाव तेच राहतं आणि आतली वस्तू बदलते, याचं याहून मोठं उदाहरण मला सापडलेलं नाही.

डोळ्यांत घातलेलं शिसं पोटात कसं जातं, असं लोक विचारतात. बुबुळातून ते फारसं आत जात नाही. पण बाळ डोळे चोळतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. शिवाय डोळ्यांतलं पाणी बारीक नळीने नाकात आणि नाकातून घशात उतरतं. रडल्यावर नाक का वाहतं, त्याचं हेच कारण. १९६८ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डोळ्यांच्या प्रसाधनातून झालेल्या शिशाच्या विषबाधेची नोंद छापून आली. पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या आशियाई कुटुंबांतल्या मुलांच्या रक्ताचा आणि सुरम्याचा संबंध डॉक्टरांनी तपासला. ती कुटुंबं आपल्यासारखीच होती. गाव सुटलं होतं, सुरमेदानी सोबत नेली होती. अमेरिकेत डोळ्यांसाठी सुरमा विकायला परवानगीच नाही. आपल्या कायद्यातही प्रसाधनांना रंग आणण्यासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे. पण उरुसात चादरीवर मांडून विकलेल्या सुट्ट्या सुरम्याला कायदा कुठे गाठणार?

मागच्या वर्षी भावाच्या नातीच्या छठीला हा वाद आमच्या घरातच झाला. माझी फुफी पंचाहत्तरीची. सलाई तिच्या हातात आणि बाळ माझ्या मांडीवर. मी म्हटलं, "फुफी, बच्ची को नको." ती म्हणाली, "साठ साल से लगा रही हूँ, मेरी आँखें गई क्या? तू पढ-लिख के सुन्नत से मना करती?" मी तिला म्हटलं की सुन्नतला मी नाही म्हणत नाही, या डबीला नाही म्हणते. डबीवर इस्मिद लिहिलंय का दाखव. डबीवर एका डोंगराचं नाव होतं, एक हिरवा घुमट होता आणि आत काय आहे याबद्दल एक अक्षर नव्हतं. मग आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, लावणं फर्ज नाही, आणि नुकसान करू नये, सोसूही नये हा फिकहचा जुना कायदा आहे. बाळाला लावलं नाही तर गुनाह नाही, वस्तूत विष असल्याचं कळूनही लावलं तर विचार करावा लागेल.

बाळाचे डोळे कोरे राहिले. फुफी स्वतः अजून लावते. तिच्या वयाला मी तिच्याशी भांडत नाही, पण तिची डबी आता उंच फळीवर असते आणि सलाईचा हात धुतल्याशिवाय ती बाळाला घेत नाही.

गळ्यातल्या ताविजचंही तेच. दात येताना मूल हाताला येईल ते चावतं, आणि स्वस्त मिश्रधातूच्या डबीत काय वितळवलेलं असेल ते सांगता येत नाही. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये एका कंबोडियन कुटुंबातल्या वर्षभराच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं. कारण निघालं त्याच्या रक्षणासाठी बांधलेला ताईत. दुआ कापडात शिवता येते.

हळद हा आपल्या जिल्ह्याचा विषय. हिंगोली जिल्ह्यात हळद किती होते हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी एवढंच की २०२४ साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि वसमतला हळदीचं स्वतंत्र संशोधन केंद्र उभं राहतंय. जानेवारी ते मार्च आमच्या रस्त्याने चालताना शिजणाऱ्या हळदीचा तो मातकट, उग्र वास येतो. शिजवलेले कंद उन्हात पसरलेले असतात, मग वाळलेली हळकुंडं पॉलिशच्या ड्रममध्ये जातात. ड्रम फिरतो, वरची खरबरीत साल झडते आणि पिवळेपणा वर येतो. आमच्या लग्नांतही हळद लागते, मांझ्याला उबटनात लागते. पोर खोकलं की दुधात हळद. पडलं की जखमेवर हळद. औषध म्हणून ज्या वस्तूवर डोळे मिटून भरवसा, ती ही.

शेतात पिकलेल्या हळदीत शिशाची काळजी करण्यासारखं सहसा काही नसतं. ते येतं नंतर, रंग म्हणून. लेड क्रोमेट नावाची एक पिवळीधमक भुकटी असते, शिसं आणि क्रोमियमची. यंत्रांचे पिवळे रंग आणि रस्त्यावरचे पिवळे पट्टे यांच्यासाठी ती वापरली गेली. हळकुंड पॉलिश करताना ती चिमूटभर टाकली की निस्तेज मालही झळकतो.

या भेसळीची सगळ्यात नीट उकललेली गोष्ट बांगलादेशातली आहे. तिथल्या खेड्यांत गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त निघत होतं, आणि आसपास ना कारखाना ना बॅटरीची भट्टी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोरसाइथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संस्थेच्या संशोधकांनी एकेक संशयित वस्तू बाजूला काढत शोध घेतला. शिशाचेही वेगवेगळे समस्थानिक असतात, त्यांच्या प्रमाणावरून ते कुठून आलं याचा माग काढता येतो, बोटांच्या ठशासारखा. बायकांच्या रक्तातल्या शिशाचा ठसा जुळला तो हळदीला लावलेल्या रंगाशी. २०१९ साली हे छापून आलं. मग त्यांनी पॉलिशवाल्यांना, व्यापाऱ्यांना विचारलं की हे सुरू कधी झालं. उत्तर मिळालं, ऐंशीच्या दशकात. पुरात हळद भिजली, काळपट पडली, बाजारात कुणी घेईना. तेव्हा कुणीतरी रंग लावला. पूर ओसरला, रंग राहिला, कारण तोवर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तोच पिवळेपणा खरा वाटायला लागला होता. तिकडे त्या भुकटीला पिउरी म्हणतात. आपल्याकडे भिंतीला द्यायच्या पिवळ्या रंगाला जुनी माणसं पेवडी म्हणत, त्याचीच बहीण वाटावी अशी.

हे वाचताना मला सहीह मुस्लिममधली धान्याच्या ढिगाची घटना आठवली. बाजारातून जाताना पैगंबरसाहेबांनी एका ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग भिजलेलं वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं. फसवणाऱ्याशी नातं तोडणारे कडक शब्द त्यानंतरचे. आपण ही घटना जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. धान्य भिजणं हा गुन्हा नव्हता, भिजलेलं झाकणं हा होता. बांगलादेशात पाऊस तोच होता, ढीग हळदीचा होता आणि झाकण्यासाठी वापरलेली वस्तू विष होती.

पुढे जे झालं ते वाचून मात्र बरं वाटतं. २०१९ मध्येच तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रांतून इशारे दिले, बाजाराबाजारांत पत्रकं लावली आणि ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत धाड टाकली. हातात धरायचं क्ष-किरणांचं यंत्र हळदीवर रोखलं की शिसं आहे की नाही ते जागेवर कळतं. दोन घाऊक व्यापाऱ्यांना मिळून आठ लाख टका दंड झाला आणि त्याची बातमी टीव्हीवर गेली. २०१९ मध्ये तपासलेल्या हळदीत ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२१ मध्ये एकातही सापडलं नाही. हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही जवळपास एक तृतीयांशाने उतरलं. तीस-पस्तीस वर्षांची लागलेली सवय दोन वर्षांत सुटली, आणि त्यासाठी लागलं काय तर एक यंत्र, एक दंड आणि सगळ्यांना माहीत होणं.

त्याच संशोधकांच्या गटाने भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंकेतल्या २३ शहरांतून हळद गोळा करून तपासली, २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. सुमारे १४ टक्के नमुन्यांत शिसं प्रमाणाबाहेर होतं. सगळ्यात वाईट नमुने पाटणा, कराची, पेशावर अशा शहरांतले होते. आपल्याकडे हळदीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही असा नियम आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरगुती चाचणीही सांगितली आहे. पेल्यात पाणी घ्या, हळकुंड टाका. चांगलं हळकुंड लगेच रंग सोडत नाही, रंग लावलेलं सोडतं. चाचणी ढोबळ आहे, थोडी भेसळ तिच्यातून निसटते, पण वर्गात करायला छान आहे. माझ्या सहावीच्या मुलांनी घरून हळकुंडं आणली आणि पेले मांडून केली. आमच्या गावची हळद पास झाली तेव्हा टाळ्या पडल्या.

मी मुद्दाम सांगते, आपल्या शेतकऱ्यावर माझा रोख नाही. तो विकतो तेव्हा माल बहुतेकदा त्याच्या हातून तसाच जातो. पुढचे हात कुठले, किती, हे त्यालाही माहीत नसतं. इथल्या एका पॉलिशवाल्याला मी विचारलं, "भाऊ, रंग टाकता का?" तो हसला. "ताई, हळदीचीच पावडर पाण्यात कालवून शिंपडतो. पण गिऱ्हाईक म्हणतं अजून चमकू दे." या वाक्यातला दुसरा भाग मला जास्त लागला. चमक मागणारं गिऱ्हाईक म्हणजे आपणच. पुड्यातली हळद बोटाला लावून आपणच म्हणतो, ही पिवळी नाही, दुसरी दाखव. मी ओळखीच्या शेतातली हळकुंडं घेते, पॉलिश न केलेली, आणि समोर उभी राहून दळून आणते. ती जरा मळकट दिसते. बिर्याणीचा रंग पाहुण्यांना फिका वाटतो. वाटू दे.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. तांब्या-पितळेच्या देगच्यांना कल्हई हवीच, पण कल्हई कथलाची हवी. कथील महाग आणि शिसं स्वस्त, म्हणून ओळखीचा कल्हईवाला असेल तर बसून विचारावं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातल्याच लोकांनी केलं आहे, त्यांना धातू ओळखायला शिकवावं लागत नाही. भंगार वितळवून ओतलेली अ‍ॅल्युमिनियमची आणि हिंडालियमची जाड भांडी मात्र खरी अडचण आहे. अमेरिकेत सिएटलच्या भागात आलेल्या अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं का निघतं याचा शोध घेतला तेव्हा त्यांनी मायदेशाहून आणलेले अ‍ॅल्युमिनियमचे कुकर सापडले. अशा भांड्यात चिंचेचं, टोमॅटोचं कालवण रटरटवू नये. दालचा स्टीलच्या भांड्यातही तसाच होतो. आणि रमजानआधी घर रंगवताना दारं-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट कोरडाच घासू नका. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे थर दारावर तसेच आहेत. ओलं करून घासा आणि मुलांना तेवढे दिवस नानीकडे धाडा.

शेवटची गोष्ट बॅटरीची, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. सच्चर समितीने २००६ साली लिहिलं होतं की मुसलमान कामगारांत स्वतःच्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. त्या वाक्याचा अर्थ आपल्या गावांत बघायचा तर भंगारचं गोडाऊन, वेल्डिंगचं दुकान, रेडिएटर आणि बॅटरी दुरुस्ती. मराठवाड्यात लाईट जाते, म्हणून घरोघर इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमागे शिशाची बॅटरी. तिच्या वजनातला मोठा वाटा निव्वळ शिशाचा. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, त्याला भट्टी लागत नाही, साधा शेगडीचा जाळ पुरतो. म्हणूनच लोक ते मागच्या अंगणात वितळवतात. सेनेगलच्या डकार शहराजवळ थियारॉय इथे बायका जुन्या बॅटरीच्या मातीतून शिसं वेचून विकत. २००७-०८ च्या त्या काही महिन्यांत तिथली १८ मुलं दगावली. आपल्याकडे २०२२ पासून जुन्या बॅटरी परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारे नियम आहेत. पण भंगारवाल्याच्या काट्यावर रोख पैसे लगेच मिळतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील बॅटरीचं काम करतात. पालकसभेला ते कामावरून थेट आले होते, शर्टवर ॲसिडची भोकं आणि राखाडी धूळ. लेक धावत जाऊन त्यांच्या कमरेला बिलगला. ही धूळ चाटायची गरज नसते. ती कपड्यांवर, केसांत, गादीवर येते आणि तिथून मुलांच्या बोटांवर. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांना राग येईल अशी भीती होती, पण ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "आपा, मेरे पेट में बरसों से मरोड है. गॅस समझ के गोली खाता था."

दुकानातच कपडे बदलायचे, साबणाने हात-तोंड धुवायचं, मग घरी यायचं. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. दुकानात बसून जेवायचं नाही. मुलांना उपाशी ठेवायचं नाही, दूध, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, जे जमेल ते. भरल्या पोटात आणि लोह पुरेसं असलेल्या अंगात शिसं कमी मुरतं. हे सगळं त्यांनी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं, मुलाने मला येऊन सांगितलं की अब्बूंनी दुकानात खुंटी ठोकली आणि साबणदाणी लावली. रक्ततपासणीचं मात्र राहिलं. नमुना इथे घेतात आणि बाहेरच्या शहरात पाठवतात. बाप-लेक दोघांचे मिळून पैसे किती होतात ते त्यांनी विचारून ठेवलं आहे. उन्हाळ्यात इन्व्हर्टरचा धंदा असतो, तेव्हा करतो म्हणाले.